पोडावरची मुलगी एमएसडब्ल्यूला येते तेव्हा : विभागाने काय काय बदलायचं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आमची आठ जणांची तुकडी क्षेत्रकार्याला जात होती. पहिल्या महिन्यात त्यांनी गावाची माहिती लिहून आणली. घरं किती, शाळा कुठे, विहिरी किती, मारुतीचं देऊळ कोणत्या टोकाला, सगळं नीट होतं. त्याच ग्रामपंचायतीत, गावापासून दीड-दोन किलोमीटरवर असलेला कोलाम आदिवासींचा पोड (त्यांची वेगळी छोटी वस्ती) मात्र आठांपैकी एकाच्याही वहीत नव्हता. त्या आठांत एक मुलगी स्वतः कोलाम होती. आयसीला (एकेका विद्यार्थ्याशी शिक्षकाची चर्चा) बसलो तेव्हा मी तिला विचारलं, "तू तरी का नाही लिहिलंस?" ती म्हणाली, "सर, तुम्ही गावाचं लिहा म्हटलं होतं. पोडाले कोणी गाव म्हणत नाही."

माहितीचा तक्ता मीच तयार केलेला होता. त्यात पोड, बेडा, तांडा, टोला अशा गावाबाहेरच्या वस्त्यांसाठी रकानाच नव्हता. चूक तिची नव्हती, माझ्या कागदाची होती.

तेव्हापासून विभागात आम्ही एकेक गोष्ट बदलत आलो आहोत. त्यातलं जे टिकलं आणि उपयोगाचं ठरलं, ते इथे क्रमाने लिहितो. हे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाबद्दल (एमएसडब्ल्यू) आहे. बीएड, नर्सिंग किंवा कायद्याचे वर्ग चालवणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

अमेरिकेत समाजकार्य शिक्षणाच्या 2022 च्या मानकांत वंशवादाविरुद्ध काम करता येणं हे प्रत्येक विद्यार्थ्याने कमवायचं कौशल्य म्हणून घातलं गेलं. तिकडचा वंश आणि इकडची जात एक नाही. पण दोन्ही प्रश्न एकमेकांकडे पाहत आलेले आहेत. डॉ. आंबेडकरांनी 1946 मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे नेलेल्या अर्जाची चौकशी केली होती, ती त्यामुळेच. आणि आपल्याला हा विचार बाहेरून आणावा लागत नाही. अमरावतीचा अंबादेवी मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह, 20 जुलै 1942 ची नागपूरची दलित महिला परिषद, 1956 ची दीक्षाभूमी, हे सगळं विदर्भातलंच. 2006 चं खैरलांजीचं दलित कुटुंबाचं हत्याकांडही विदर्भातलंच आहे. आपले विद्यार्थी या सगळ्याचे वारसदार म्हणून वर्गात येतात.

पहिली पायरी : आधी स्वतःच्या रजिस्टरची झडती

विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा ठेवण्याची घाई करू नका. आधी मागच्या तीन वर्षांची रजिस्टरं काढा आणि दोन दुपारी दार लावून विभागातले सगळे बसा. प्रवेश किती जणांनी घेतला आणि चौथ्या सत्रापर्यंत किती पोचले, हे प्रवर्गनिहाय मोजा. कोण कोणत्या सत्रात सुटलं ते पाहा. लेखी परीक्षेचे गुण आणि तोंडी परीक्षेचे गुण शेजारी-शेजारी मांडा. जिल्हाधिकारी कार्यालय, रुग्णालय, कंपन्यांचे सीएसआर प्रकल्प इथे कोणाला पाठवलं आणि लांबच्या पाड्यांवर कोणाला, ते लिहा. शिबिरप्रमुख कोण झालं, आणि नोकरीसाठी आपण फोन कोणासाठी केला, तेही.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी 13 टक्के आणि अनुसूचित जमातींसाठी 7 टक्के जागा आहेत. त्या जागा भरल्या की कागद पूर्ण होतो. त्या जागेवर बसलेल्या मुलाचं पुढे दोन वर्षांत काय होतं, हे विभागाने स्वतःहून मोजलं नाही तर कोणीच मोजत नाही. आमच्याकडे मोजणी झाली त्या दिवशी बैठकीत बराच वेळ कोणी बोललं नाही. ती शांतता आवश्यक होती असं मला आजही वाटतं.

दुसरी पायरी : पहिला आठवडा आणि पैसा

ओळखीच्या तासाला "पूर्ण नाव सांगा" म्हणणं बंद करा. आडनाव ऐकलं की वर्गातली निम्मी मुलं मनातल्या मनात हिशेब करतात आणि आडनावावरून कळलं नाही तर "कुठले तुम्ही?", "कोणत्या लोकांतले?" हे प्रश्न येतात. पहिलं नाव, गाव, आणि गावातली एक गोष्ट जी सगळ्यांना सांगावीशी वाटते, एवढं पुरे. नमस्कार ज्याचा त्याने आपल्या पद्धतीने करावा. वर्गात जय भीम, जय सेवा, जय सेवालाल, सलाम, राम राम असं सगळं ऐकू येऊ द्या, आणि शिक्षकाने ज्याला त्याला त्याच शब्दात उत्तर द्यावं. एवढ्याने मुलांचे खांदे सैल होतात, हे मी दरवर्षी पाहतो.

हजेरीच्या वहीत प्रवर्गाचा रकाना असेल तर तो काढून ऑफिसच्या फाइलमध्ये ठेवा. "बीसीच्या मुलांनी उठून ऑफिसात जा, स्कॉलरशिपचं काम आहे," ही वर्गात द्यायची सूचना नाही. शिष्यवृत्ती, स्वाधार आणि स्वयम (वसतिगृह न मिळालेल्यांना राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या सरकारी योजना), जात वैधता प्रमाणपत्र, यांची माहिती छापून सगळ्या वर्गाला एकाच दिवशी द्या. महाडीबीटीचा (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा) अर्ज भरण्यासाठी संगणक कक्ष दोन दिवस मोकळा ठेवा.

शिष्यवृत्ती उशिरा येते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून फी थकली या कारणावरून कोणाचं हॉल तिकीट अडवायचं नाही, असा ठराव महाविद्यालय विकास समितीत लेखी करून घ्या. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला यूजीसीची मनाई आहे, तीही ऑफिसात सगळ्यांना दाखवा. आणि क्षेत्रकार्याचं एसटीभाडं! आठवड्यातून दोन दिवस, येऊन-जाऊन. ज्याच्या घरी मोलमजुरी आहे त्याचं क्षेत्रकार्य इथेच तुटतं, आणि शिक्षकाच्या वहीत त्याचं नाव 'अनियमित' म्हणून पडतं. महिन्याच्या सुरुवातीला देता येईल असा छोटा प्रवासनिधी उभा करा. माजी विद्यार्थी आनंदाने देतात.

तिसरी पायरी : भाषा

आपल्याकडे भाषांची एक उतरंड आहे. पुणेरी मराठी वर, वऱ्हाडी आणि झाडीबोली तिच्या खाली, आणि गोंडी, माडिया, कोलामी, कोरकू, बंजाऱ्यांची गोरमाटी तर हिशेबातच नाहीत. "मले", "काहून" म्हणणाऱ्या मुलाला हसणारा शिक्षक स्वतः घरी तीच भाषा बोलतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

थोडं भाषेचं ज्ञान इथे फार कामाला येतं. गोंडी आणि कोलामी द्राविडी कुळातल्या, कोरकू मुंडा कुळातली. मराठीला तीन लिंगं आहेत; गोंडीत आणि कोलामीत पुल्लिंग आणि बाकी सगळं अशी विभागणी आहे, तर कोरकूत सजीव आणि निर्जीव अशी. मेळघाटातला मुलगा "ती बैल" लिहितो तेव्हा तो निष्काळजी नसतो, दुसऱ्या कुळातल्या भाषेतून तिसऱ्या लिंगापर्यंत चालत येत असतो. आम्ही विभागात ठरवलं की क्षेत्रकार्याच्या जर्नलमध्ये लिंग-वचनाच्या चुकांवर लाल शाई चालवायची नाही. काय पाहिलं आणि काय समजलं, यावरच शेरा.

लोकांचं बोलणं जसं ऐकलं तसंच देवनागरीत लिहायचं आणि खाली मराठीत अर्थ द्यायचा. बाई म्हणाली, "माया लेकरू जेवत नाई," तर तेच लिहा, "माझे मूल आहार घेत नाही" असं नको. विभागात एक शब्दवही ठेवा. जो नवा शब्द आणेल त्याने गावाच्या नावासह लिहावा.

आणि एक गोष्ट, जी आम्हाला उशिरा कळली. गोंडी येणाऱ्या मुलीला आपण सगळ्या तुकडीसाठी दुभाषी करून टाकतो. बाकीचे प्रश्न विचारतात, नोंदी करतात, शिकतात; ती फक्त इकडचं तिकडे करत राहते. दुभाषाचं काम केलं तर त्याचे तास तिच्या क्षेत्रकार्यात धरा, आणि तिच्या स्वतःच्या कामासाठी वेगळा दिवस ठेवा. बाकीच्यांनी त्या बोलीतली निदान पन्नास वाक्यं पहिल्या सत्रात तिच्याकडून शिकावीत, आणि त्याची तोंडी परीक्षा तिने घ्यावी.

चौथी पायरी : क्षेत्रकार्य

खरा बदल इथेच होतो किंवा होत नाही, म्हणून यावर जास्त लिहितो.

कोणाला कुठे पाठवायचं हे ठरवताना आपला हात आपोआप चालतो. "तिला कोलामी येते ना, मग तिला पोडावरच द्या." "तो बौद्ध आहे, त्याला वस्तीतलं काम जमेल." आणि सवर्ण घरातला, बोलका मुलगा जिल्हा परिषदेत. हेतू वाईट नसतो, पण परिणाम असा होतो की काहींना सत्तेच्या खुर्चीजवळ बसायला शिकवलं जातं आणि काहींना जिथून आले तिथेच परत पाठवलं जातं. चार सत्रांचा नियम करा : प्रत्येकाचं एक सत्र अशा वस्तीत जिथे तो पूर्ण परका आहे, आणि एक सत्र अशा कार्यालयात जिथे निर्णय होतात. उरलेल्या दोन सत्रांत त्यांची आवड चालेल.

माहितीच्या तक्त्यात 'गाव' या शब्दाऐवजी 'महसुली हद्दीतल्या सगळ्या वस्त्या' असा पहिला रकाना घाला. प्रत्येक वस्तीसमोर : पक्का रस्ता कुठपर्यंत, नळ कुठपर्यंत, ग्रामसभेची दवंडी किंवा मेसेज कुठपर्यंत पोचतो, स्मशानभूमी कोणाची कुठे. स्मशानाचा रकाना गाळू नका. गावात जात पाळतात का, असं विचारलं तर सगळे नाही म्हणतात. सरणाची जागा वेगळी आहे का, याचं उत्तर डोळ्यांनी दिसतं.

मग पाण्याची नोंद. पहिल्या पाच भेटींत विद्यार्थ्याने एवढंच लिहायचं : आज पाणी कोणाच्या घरी प्यालो, कोणी दिलं, कशात दिलं, कोणाच्या घरी प्यालो नाही आणि का. दोन महिन्यांनी सगळ्यांच्या नोंदी जीसीत (तुकडीच्या एकत्र चर्चेत) शेजारी-शेजारी वाचायच्या. एका तुकडीत असं निघालं की पाच जण पाच भेटींत फक्त पाटलाच्या आणि सरपंचाच्या ओट्यावर पाणी प्यायले होते. त्यांना कोणी जातीयवादी म्हटलं नाही. त्यांनी स्वतःच्या वहीत स्वतःच वाचलं.

पोडावर किंवा बेड्यावर जाण्याची रीत वेगळी शिकवावी लागते. पारध्यांच्या बेड्यावर पोलीस पाटलाला सोबत घेऊन जाऊ नका. ब्रिटिशांच्या 1871 च्या कायद्याने कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. पण गावात चोरी झाली की पहिली गाडी आजही बेड्याकडे वळते. तिथे वही आणि मोबाइल काढून प्रश्न विचारणारा माणूस पोलिसासारखाच दिसतो. पहिल्या दोन भेटींत वही बंद. कोणी परवानगी द्यायची हे वस्तीला विचारा. आणि वर्षाअखेरी आपण काय लिहिलं ते त्यांच्यासमोर वाचून दाखवा. तिथे झालेल्या दुरुस्त्या अहवालात तशाच ठेवा.

आता एक अवघड जागा. गडचिरोलीकडे गोंड आणि माडिया वस्त्यांत पाळीच्या दिवसांत बायकांना कुर्माघरात, म्हणजे वस्तीबाहेरच्या वेगळ्या झोपडीत, राहावं लागतं. बाहेरून गेलेल्या तुकडीच्या अहवालात हमखास वाक्य येतं : आदिवासींमध्ये अंधश्रद्धा मोठ्या प्रमाणात आहे. अशा वेळी मी तुकडीला एक काम देतो. आपापल्या घरात पाळीच्या चार दिवसांत काय काय चालत नाही, याची यादी प्रत्येकाने करायची. मुलांनी आईला किंवा बहिणीला विचारून यायचं. देवघर, लोणच्याची बरणी, वेगळी चटई, "बाहेर बसणं", हे सगळं कागदावर येतं. मग दोन्ही याद्या एकाच फळ्यावर लिहायच्या.

कुर्माघर चांगलं आहे, असं सांगण्यासाठी हे नाही. मोडक्या झोपडीत, सापा-विंचवात, अंधारात झोपणं हा बाईच्या जिवाशी खेळ आहे आणि ते स्पष्ट म्हटलंच पाहिजे. काही गावांत त्या जागी दिवा-पाणी असलेली पक्की घरं बांधली गेली. त्याने बायकांची सोय झाली की प्रथा घट्ट झाली, हा वाद तिथल्या बायकांमध्येही आहे. विद्यार्थ्याने तो वाद त्यांच्या तोंडून ऐकावा. संस्कृतीचा आदर म्हणून गप्प बसणं आणि अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडणं, दोन्हींत बाईला कोणी विचारतच नाही.

आणि विद्यार्थ्यालाच गावात जात आडवी आली तर? तालुक्याला खोली शोधताना "आडनाव काय?" विचारून खोली नाकारतात, हे नवं नाही. ब्लॉक फील्डवर्कच्या (सलग काही दिवस तिथेच राहून करायच्या क्षेत्रकार्याच्या) आधी राहण्याची जागा विभागाने ठरवावी. शाळेची खोली, समाजमंदिर, ग्रामपंचायतीचं सभागृह, काहीही चालेल. ते विद्यार्थ्यावर सोपवू नका. एकाला नकार मिळाला तर सगळी तुकडी तिथून उठेल, हे जाण्याआधीच तुकडीसमोर सांगून ठेवा. अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांविरुद्धचा 1989 चा कायदा पहिल्या सत्रात कलमांसह शिकवा, म्हणजे वेळ आली की कोणाकडे जायचं हे मुलांना ठाऊक असतं.

पाचवी पायरी : निवासी शिबिर

स्वयंपाक, झाडणं, संडास धुणं, यांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवा. मुलींना स्वयंपाक आणि ठरावीक मुलांना झाडू, असं न ठरवताच घडतं. गाडगेबाबांच्या जिल्ह्यांत शिबिर घेतो आपण. झाडू शिक्षकाच्याही पाळीत यावा. जेवणाचा बेत शिबिराआधी सगळ्यांना विचारून करा. अंडी-मांस खाणाऱ्यांना बाहेर बसवून नाही. दसऱ्याच्या आसपास शिबिर असेल तर रावणदहनाचा कार्यक्रम ठेवण्याआधी वर्गातल्या गोंड मुलांशी बोला. रावणाला पूर्वज मानणारे लोक याच भागात आहेत.

सहावी पायरी : शिकवण्याचा मजकूर

विद्यापीठाचा अभ्यासक्रम आपल्या हातात नसतो, उदाहरणं असतात. समाजकार्याचा इतिहास आपण 1601 च्या इंग्लंडच्या गरीब कायद्यापासून सुरू करतो आणि 1889 च्या हल हाउसवर (शिकागोतलं वस्तीत राहून सेवा करणारं केंद्र) येतो. ते शिकवाच, परीक्षेत येतं. पण त्याच तासाला 1873 चा सत्यशोधक समाज येऊ द्या, आणि नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी येऊ द्या. समुदाय संघटन शिकवताना गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव घ्या : वनहक्क कायदा 2006 चा, आणि 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं ते देशातल्या पहिल्या गावांपैकी. निर्णय सर्वसहमतीने कसा होतो, हे तिथे जाऊन बसून पाहता येतं.

बाहेरचे व्याख्याते बोलावताना पोडावरच्या जाणत्या बाईला, आशा कार्यकर्तीला, बेड्यावरून शिकून पुढे आलेल्या मुलाला बोलवा. मानधन प्राध्यापकाला देता तेवढंच द्या, पाकिटात, सगळ्यांसमोर. जयंती-पुण्यतिथीचे कार्यक्रम होतील तेवढे होऊ द्या. 21 ऑक्टोबरला, स्मृतिदिनी, इंग्रजांशी लढलेल्या गोंड वीर बाबुराव शेडमाकेंच्या फोटोला हार घातला आणि आदिवासी मुलीची हजेरी भरली नाही म्हणून तिला परीक्षेतून काढलं, तर हाराचा काही उपयोग नाही.

सातवी पायरी : गुण

2007 मध्ये थोरात समितीने दिल्लीच्या एम्समधल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या परिस्थितीवर अहवाल दिला. विद्यार्थ्यांच्या तक्रारी वसतिगृह, शिक्षकांची वागणूक आणि परीक्षा यांभोवती होत्या. तोंडी परीक्षा त्यात ठळक होती. आपल्याकडे क्षेत्रकार्याचे गुण मोठे असतात आणि ते जवळपास सगळे माणसाच्या मनावर अवलंबून असतात. म्हणून इथे नियम कडक करा.

तोंडी परीक्षेला दोन परीक्षक. पहिले तीन प्रश्न सगळ्यांना सारखे, आधी लिहून ठेवलेले. गाव, आडनाव, वडील काय करतात, हे विचारायचं नाही. दोघांनी आपापले गुण आधी लिहायचे, मग एकमेकांना दाखवायचे. फरक मोठा असेल तर कारण लिहायचं. गुणपत्रकात 'व्यक्तिमत्त्व', 'आत्मविश्वास', 'संभाषणकौशल्य' असे रकाने असतील तर ते काढा. त्या रकान्यांत इस्त्रीचा शर्ट आणि शहरी मराठी गुण मिळवून जाते. त्याऐवजी : कोणाकोणाकडे गेला, काय कळलं, काय चुकलं, चुकल्यावर काय बदललं. आम्ही हे केलं त्या वर्षी गप्प बसणारी दोन मुलं पहिल्या पाचांत आली. त्यांचं काम आधीही तितकंच चांगलं होतं.

आठवी पायरी : तक्रार

यूजीसीच्या 2012 च्या विनियमांनी प्रत्येक महाविद्यालयात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला सांगितलं. ते नियम कागदावरच राहिले म्हणून 2019 मध्ये, जातिभेदाच्या आरोपांमागे आत्महत्या केलेले विद्यार्थी रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या आयांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. हे वाक्य मी वर्गात दरवर्षी उच्चारतो, आणि दरवर्षी माझा आवाज अडतो.

अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर फलकावर लावा. तक्रारपेटी प्राचार्यांच्या दारात, कॅमेऱ्याखाली ठेवू नका, ग्रंथालयात ठेवा. तक्रार आली त्याच दिवशी तारखेची पोच द्या. समितीत बाहेरची एक व्यक्ती असू द्या, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडे त्या विद्यार्थ्याचं पर्यवेक्षण आणि गुण एक दिवसही राहू देऊ नका. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, संस्थाचालकांचे नातेवाईक स्टाफमध्ये असतात. म्हणून तोंडी समजुतीवर काहीही सोडायचं नाही.

शिक्षकांपैकी कोणी म्हणेल, "आमच्या वर्गात जात नाही, तुम्हीच आणता." त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा पहिल्या पायरीतली मोजणी त्यांच्यासमोर ठेवा. आणि हे सगळं काम तासिका तत्त्वावरच्या एखाद्या दलित किंवा आदिवासी सहकाऱ्यावर टाकू नका. त्याची नोकरी दरवर्षी नव्याने ठरते; कायम असलेल्यांनी पुढे व्हायचं.

कधी काय

जूनमध्ये रजिस्टरची मोजणी आणि नवा तक्ता. प्रवेशाच्या आठवड्यात छापील माहिती आणि प्रवासनिधी. ऑगस्टपर्यंत पाण्याच्या नोंदी. दिवाळीनंतर कापूस वेचणीला घरी हात लागतात, तेव्हा क्षेत्रकार्याचे दिवस मुलांना विचारून बदला. मार्चच्या मध्याला मोह पडायला लागतो आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. वर्षभराचं मीठ-तेल त्यातून येतं, आणि नेमकी तेव्हाच आपली तोंडी परीक्षा आणि जर्नल जमा करण्याची शेवटची तारीख असते. आम्ही जर्नलची तारीख फेब्रुवारीअखेर आणली आणि तोंडी परीक्षा दुपारी बाराच्या पुढे ठेवली, म्हणजे पहाटे मोह वेचून पहिल्या एसटीने येता येतं. मागच्या मार्चमध्ये एक मुलगी तशीच आली, ओंजळभर मोहफुलं कागदात बांधून, टेबलावर ठेवली आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागली.